जनरल थोरातांचा कागद

कुणी चुलीपुढं असाल, कुणी धार काढायला बसला असाल, कुठं गटाची बैठक भरली असेल आणि मधोमध रेडिओ ठेवला असेल. हातातली कामं चालू राहू देत, कान तेवढे इकडं द्या.

आज आम्ही तुम्हाला आपल्या जिल्ह्यातल्या एका फौजी माणसाची गोष्ट सांगणार आहोत. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फौजेत त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणत. बायकांच्या कार्यक्रमात जनरल कशाला, असं एखादी म्हणेल. पण बघा, कोल्हापूर जिल्ह्यात फौजेशी नातं नसलेलं गाव हुडकावं लागेल. शिरोळ तालुक्यात तर गावाच्या नावातच सैनिक आहे, सैनिक टाकळी. कुणाचा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, कुणाचा नवरा सीमेवर, कुणाचे सासरे पेन्शनवर आलेले. निर्णय दिल्लीत होतात, पण ते चुकले की पहिली तार, पहिला फोन आपल्या उंबऱ्यावर येतो. म्हणून वर बसलेली माणसं काय बोलतात, कुणाचं ऐकतात आणि कुणाचं ऐकत नाहीत, हे आपल्यालाही कळायला पाहिजे. थोरातांच्या आयुष्यात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा, वडगावचा. वडील पांडुरंग पाटील शेतीशास्त्र शिकलेले. कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचं राज्य होतं. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा शंकरराव दहा-अकरा वर्षांचे होते. शिकलं तर शेतकऱ्याचं पोर कुठवर जाऊ शकतं, याची हवा त्या काळात या मुलखात होती.

पण फौजेचं दार तेव्हा अर्धंच उघडं होतं. आपल्या पोरांना शिपाई होता येत होतं, फार तर सुभेदार होता येत होतं. इंग्रज अधिकाऱ्याच्या बरोबरीचा अधिकारी व्हायचं तर विलायतेत सँडहर्स्टच्या लष्करी शाळेतच जावं लागे. आणि तिथं हिंदी मुलांसाठी वर्षाला जागा किती? दहा. तेव्हाच्या अख्ख्या हिंदुस्थानातून दहा मुलं. त्यात वडगावच्या या मुलाचा नंबर लागला आणि १९२६ साली वयाच्या विसाव्या वर्षी तो अधिकारी झाला. डेहराडूनची आपली अकादमी निघाली ती पुढं १९३२ साली.

आता लेफ्टनंट जनरल म्हणजे नेमका केवढा मोठा माणूस, हे एकदा समजून घेऊ. अधिकारी पहिल्यांदा लेफ्टनंट होतो. मग कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल आणि मग लेफ्टनंट जनरल. त्याच्यावर एकच, सगळ्या लष्कराचा प्रमुख, तो जनरल. म्हणजे थोरात आठव्या पायरीपर्यंत चढले. एक पलटण म्हणजे साधारण आठशे माणसं. अशा कित्येक पलटणी ज्याच्या हाताखाली, तो लेफ्टनंट जनरल.

थोरातांच्या काळात या शिडीवर बाई जवळजवळ नव्हती. होती ती दवाखान्याच्या बाजूला, डॉक्टर किंवा नर्स म्हणून. आता चित्र बदललंय. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुली दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून शिकून बाहेर पडली. तेव्हा ही गोष्ट ऐकताना शेजारी तुमची लेक बसली असेल तर तिलाही ऐकू द्या.

थोरातांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते दुसऱ्या महायुद्धात. साल १९४५, जानेवारी महिना. ब्रह्मदेशाचा पश्चिम किनारा, त्याला अराकान म्हणतात. खाड्या, चिखल, खारफुटीची झाडं आणि मधेच उठलेल्या टेकड्या. तिथं कांगॉ नावाच्या ठिकाणी जपानी फौजेची वाट अडवायची होती. या कामावर ५१ वी ब्रिगेड होती आणि तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते. कूर्गचे थिमय्या, बंगालचे सेन आणि आपल्या वडगावचे थोरात. भारतीय माणूस हाताखाली चांगला लढतो, पण पलटण चालवणं त्याला जमेल का, अशी शंका तोवर इंग्रज साहेब उघड बोलून दाखवायचे. थोरातांच्या पलटणीनं, म्हणजे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियननं, एक मोक्याची टेकडी समोरासमोरच्या लढाईत जिंकली. तिन्ही भारतीय प्रमुखांना डीएसओ हे मोठं शौर्यपदक मिळालं. त्यानंतर ती शंका बोलून दाखवायला कुणाला जागा राहिली नाही.

हे झालं बंदुकीचं धाडस. पण आम्हाला त्यांचं दुसरं एक धाडस जास्त सांगावंसं वाटतं. त्यात बंदूक चालवायची नव्हती, उलट चालू द्यायची नव्हती.

१९५० ते १९५३ अशी तीन वर्षं कोरियात मोठं युद्ध झालं. एका बाजूला उत्तर कोरिया आणि चीन, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया, अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रांचं सैन्य. जुलै १९५३ मध्ये युद्ध थांबलं, पण कैद्यांचा प्रश्न उरला. बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी असे होते, की आम्हाला मायदेशी परत जायचं नाही असं ते म्हणत होते. दुसऱ्या बाजूलाही असे साडेतीनशेच्या वर होते. या माणसांना कुणी सांभाळायचं? दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नव्हता. मग भारतानं जबाबदारी घेतली. पाच देशांचा एक आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष झाले जनरल थिमय्या. आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळायला भारताची जी फौज गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात. पाच-सहा हजार जवान आणि त्यांच्या ताब्यात बावीस हजारांवर तापलेले कैदी. आपापल्या आवारात कैद्यांच्याच टोळ्यांचा अंमल. कुणी परत जायचं नाव काढलं, तर त्याला रात्रीतून मारायलाही मागंपुढं न बघणाऱ्या टोळ्या.

सप्टेंबर १९५३ मध्ये, भारतीय फौज तिथं पोचून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा एका चिनी आवारातल्या कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून नेलं आणि ओलीस धरलं. आता काय करायचं? गोळीबार केला असता तर मेजर गेलाच असता, शेकडो कैदी मेले असते, आणि भारत मध्यस्थी करायला आला होता तो मारायला आला असं जगानं म्हटलं असतं. थोरात थोडी माणसं घेऊन स्वतः त्या गर्दीत शिरले. चहूबाजूंनी आरडाओरडा, शिव्या. ते तिथंच थांबले आणि बोलत राहिले. शेवटी मेजरला सोडवूनच बाहेर आले.

मैत्रिणींनो, भांडणात शिरून आवाज न चढवणं किती अवघड असतं, हे आपल्यासारखं कुणाला माहीत आहे? रेशनच्या रांगेत, पाण्याच्या टाकीपाशी, दारू पिऊन आलेल्या माणसापुढं ते आपण रोज करतो. एक मेजर जनरल तेच करायला गेला आणि त्याबद्दल देशानं त्याचा गौरव केला. थोरातांना आजच्या कीर्तिचक्राच्या दर्जाचं अशोकचक्र दोन मिळालं, पद्मश्रीही मिळाली. जानेवारी १९५४ मध्ये कैद्यांचं काम संपलं. ज्यांना ना इकडं जायचं होतं ना तिकडं, अशा काही मोजक्या कैद्यांना आपली फौज भारतात घेऊन आली.

आता आपण मूळ गोष्टीकडं येतो. ज्या कागदाचं नाव आम्ही या भाषणाला दिलंय, त्या कागदाकडं.

१९५७ साली थोरात लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख झाले. त्याचं मुख्यालय तेव्हा लखनौला होतं. विभाग मात्र पार आसामच्या पलीकडं, आज ज्याला आपण अरुणाचल प्रदेश म्हणतो तिथवर. तेव्हा त्या प्रदेशाला नेफा म्हणत. तिथं भारत आणि तिबेट यांच्यामधे मॅकमोहन रेषा नावाची सीमा. तिबेट चीननं ताब्यात घेतलेला होता. ऑगस्ट १९५९ मध्ये या सीमेवर लोंगजू इथं चकमक झाली आणि मग सीमेची राखण लष्कराकडं आली. म्हणजे थोरातांकडं.

थोरातांनी जमिनीकडं बघितलं. समजा, तुमचा जमिनीचा एक तुकडा उंच डोंगराच्या टोकाला आहे. तुमच्या बाजूनं वर जायला वाट नाही. पाणी, पेंड, बियाणं सगळं डोक्यावरून न्यायचं, पोचायला दिवस जातो. पलीकडच्या माणसाची बाजू मात्र सपाट, त्याचा ट्रॅक्टर थेट बांधापर्यंत येतो. बांधावर भांडण झालं तर कोण टिकेल? नेफात नेमकं हेच होतं. चीनच्या बाजूला तिबेटचं उंच पठार, त्यावर रस्ते बांधलेले. आपल्या बाजूला दाट जंगल आणि खड्या चढणी, रस्ते जवळजवळ नाहीत. जवानाचं जेवण, गोळ्या, थंडीचे कपडे हमालाच्या पाठीवरून किंवा विमानातून टाकून पोचवायचे.

म्हणून ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरातांनी एक सविस्तर टिपण लिहून वर पाठवलं. त्याचा सार असा. अगदी सीमारेषेवर मोठी लढाई करायला जाऊ नका. तिथं नजर ठेवायला चौक्या असू देत. खरी लढाई मागं द्या, जिथवर आपली रसद पोचते आणि जागा आपल्या सोयीची आहे तिथं. शत्रू पुढं येईल तशी त्याची रसद लांबेल आणि तो अडचणीत येईल. आणि हे करायलासुद्धा आत्ता आहेत तेवढी माणसं आणि साधनं पुरणार नाहीत, जास्त लागतील.

लष्करप्रमुख तेव्हा थिमय्याच होते. त्यांना टिपण पटलं, त्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडं दिलं. मेनन यांना ते पटलं नाही. चीन आपल्यावर मोठी चाल करून येणार नाही, वेळ पडली तर बोलणी करून भागवता येईल, असं त्यांचं मत होतं. टिपण तिथंच राहिलं.

थोरात तेवढ्यावर गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला मोठ्या अधिकाऱ्यांना बोलावून एक सराव घेतला. त्याचं नाव लाल किल्ला. हा सराव नकाशावरचा असतो. शत्रू इथून आला तर आपण काय करू, किती दिवसांत कुठं पोचू, जेवण कसं पोचेल, असं सगळं पाटावर सोंगट्या मांडल्यासारखं करून बघायचं. थिमय्याही हजर होते. सरावातून तेच निघालं. आहे त्या तयारीत सीमेवर लढायला गेलो तर टिकाव लागणार नाही.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले आणि थोरातही. थिमय्यांच्या जागी थोरात यावेत अशी थिमय्यांची इच्छा होती, पण नेमणूक दुसऱ्याची झाली. म्हणजे आठवी पायरी चढलेला हा माणूस शेवटच्या नवव्या पायरीवर गेलाच नाही. ते कोल्हापूरला परत आले. तिकडं सीमेवर उलटंच धोरण चाललं. पुढं पुढं चौक्या टाकायच्या, माणसं थोडी, रसद तुटपुंजी.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीननं हल्ला केला. महिन्याभरात आपली फौज नेफात खूप मागं रेटली गेली. तवांग गेलं, से ला गेलं, बोमडिला गेलं. २१ नोव्हेंबरला चीननं आपणहून युद्ध थांबवलं. सरकारी आकड्यांप्रमाणं १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैद झाले.

यातला मधला आकडा आम्ही पुन्हा वाचतो. एक हजार सहाशे शहाण्णव बेपत्ता. बेपत्ता म्हणजे काय, ते घरातल्या बाईला विचारा. मेला असं कळलं तर ती रडते, दिवस घालते, पुढं जगायला लागते. बेपत्ता असं कळलं तर? कुंकू लावायचं की नाही? दारात पाऊल वाजलं की उठायचं की नाही? सरकारी कचेरीत स्वतःला कोण म्हणून सांगायचं? उंचावर, पातळ कपड्यांत, मोजक्या गोळ्या घेऊन उभं राहिलेल्या जवानांची ही घरं होती.

थोरातांचं ऐकलं असतं तर आपण जिंकलोच असतो, असं आम्ही म्हणत नाही. युद्धात शंभर गोष्टी असतात आणि हार एका माणसामुळं होत नाही. पण ज्याची ती जबाबदारी होती त्यानं तीन वर्षं आधी, स्वच्छ शब्दांत, लिहून सांगितलं होतं. तयारीला तीन वर्षं मिळाली असती. रस्ते झाले असते, लोकरीचे कपडे पोचले असते.

लढाई अंगावर आल्यावर पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. हा प्रसंग थोरातांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्रात लिहिलाय, ते १९८६ साली निघालं. टिपण बघून नेहरूंनी विचारलं, की हे मला आधी का दाखवलं गेलं नाही? थोरातांचं म्हणणं असं, की याचं उत्तर मेनन यांच्याकडंच मागायला हवं. मेनन यांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी आपले यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि ज्या दिवशी युद्ध थांबल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी त्यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. थोरातांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतलं. मान मिळाला, पण वेळ निघून गेली होती.

मैत्रिणींनो, इथं आम्ही जरा थांबतो. या गोष्टीतून आपण काय घ्यायचं?

पहिली गोष्ट वेळेची. थोरातांनी शत्रू दारात आल्यावर बोंब मारली नाही, आधी सांगितलं. आपल्या गटात बघा. एखादीचे दोन हप्ते थकले की आपण म्हणतो, जाऊ दे, भरेल. चार थकले की कुजबुज सुरू होते. आठ थकले की भांडण होतं आणि गट फुटतो. दुसऱ्या हप्त्यालाच कुणीतरी शांतपणे विषय काढला असता तर तिची अडचणही कळली असती आणि गटही राहिला असता.

दुसरी गोष्ट कागदाची. थोरातांनी नुसतं तोंडी सांगितलं असतं तर आज कुणी म्हटलं असतं, असं कुणी काही सांगितलंच नव्हतं. टिपण लिहिलं होतं म्हणून ते दाबता आलं, पण पुसता आलं नाही. आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र वह्या वेळेवर आणि नीट लिहिण्याचं आहे, ते उगीच नाही. बैठकीत एखादीनं हरकत घेतली तर ती इतिवृत्तात तिच्या नावानं लिहा. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा असते, तिथं बोललेलं ठरावात आलं का, ते वाचून घ्या आणि मगच सही किंवा अंगठा करा.

लिहिलेल्या ठरावात किती ताकद असते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही हेरवाडसारखं करावं असं परिपत्रक काढलं. बायका पिढ्यान्‌पिढ्या मनात जे बोलत होत्या, ते एका कागदावर आलं आणि मुंबईपर्यंत पोचलं.

तिसरी गोष्ट ऐकणाऱ्याची. सांगणाऱ्यानं सगळं बरोबर केलं तरी ऐकणाऱ्यानं कान बंद केले तर काय होतं, ते १९६२ नं दाखवलं. आपल्यातल्या ज्या गटाच्या अध्यक्ष आहेत, सचिव आहेत, ग्रामपंचायतीत सदस्य आहेत, सरपंच आहेत, त्यांना आमचं हात जोडून सांगणं आहे. वाईट बातमी घेऊन येणारीला भांडखोर म्हणू नका. गोड बोलणारी दहा मिळतील. हिशेबात चूक आहे, टाकीच्या पाण्याला वास येतोय, अंगणवाडीचा पत्रा मोडकळीला आलाय, असं तोंडावर सांगणारी एखादीच असते. तिला बसायला पाट द्या.

आणि सांगूनही कुणी ऐकलं नाही तर? थोरातांनी गणवेशाची शिस्त पाळली. वरिष्ठांमार्फतच सांगितलं, सराव करून पुन्हा सांगितलं आणि मुदत संपल्यावर बाजूला झाले. त्यांनी आणखी ओरडायला हवं होतं का, यावर आमच्यातही दोन मतं आहेत. फौजी माणसाला एक मर्यादा असते, ती देशाच्याच भल्याची आहे. लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्याचा शब्द शेवटचा, हे त्यांनी मानलं. आपल्याला मात्र तसलं बंधन नाही. आपण गावचे मतदार आहोत. गावात ऐकलं नाही तर पंचायत समितीला अर्ज करता येतो, माहिती अधिकारात कागद मागता येतो, पुढच्या ग्रामसभेत पुन्हा उठता येतं.

आता फौजी घरातल्या बहिणींसाठी खास दोन शब्द. कागदाचीच गोष्ट चाललीय म्हणून. नवरा नोकरीत असेल तर लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद त्याच्या पलटणीच्या रेकॉर्डला चढली आहे का, ते विचारा. फौजेत त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. तुमचं नाव, जन्मतारीख आणि आधार कार्डावरचं नाव जुळतंय का, बघा. एका अक्षराच्या फरकासाठी विधवेला वर्षभर खेटे घालावे लागतात. नवरा निवृत्त असेल तर डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ आणि ईसीएचएसचं कार्ड कुठं ठेवलंय, हे तुम्हाला माहीत पाहिजे. बँकेतलं पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर करून घ्या. हयातीचा दाखला वर्षाला द्यावा लागतो, आता तो स्पर्श नावाच्या ऑनलाइन पद्धतीतही जातो. काही अडलं तर कोल्हापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथं जायला कुणाची ओळख लागत नाही. एकटीला धीर होत नसेल तर गटातली एखादी बरोबर न्या.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून तुम्हाला बरं वाटेल. १९९२ साली जनरल थोरात वारले. त्याच वर्षी नाबार्डनं देशात पाचशे बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला. त्या पाचशेतून पुढं लाखो गट उभे राहिले, आज आपण बँकेत जाऊन गटाच्या नावानं कर्ज मागतो ते त्यामुळंच. पुढं त्याच नाबार्डच्या अध्यक्षपदावर जनरल थोरातांचे चिरंजीव डॉ. यशवंत थोरात बसले, आणि त्यांच्या सूनबाई उषा थोरात २००५ ते २०१० या काळात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर होत्या. म्हणजे वडगावच्या या घराचा आपल्या गटाच्या पासबुकाशीही थोडा संबंध आहे.

जाता जाता एक काम देतो. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. आपल्या गावात किंवा गटात असं काय आहे, जे सगळ्यांना दिसतंय पण कुणी बोलत नाही, हे एकमेकींना विचारा. त्यातली एकच गोष्ट निवडा. चार ओळीत लिहा, तारीख घाला, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ज्याच्याकडं द्यायची त्याच्याकडं देऊन पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. काय झालं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.

आपल्या जिल्ह्यातून फौजेत गेलेल्या आणि परत न आलेल्या सगळ्यांना आमचा नमस्कार. त्यांच्या मागं घर, शेत आणि पोरं सांभाळणाऱ्या बायकांनाही नमस्कार. भेटू पुढच्या आठवड्यात.